सह्याद्रीच्या रानात निभाव लागण्याची विद्या आणि रानाची ओळख : अनुभव व मार्गदर्शन हवे

कातळधार

चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये मी आणि माझा एक मित्र खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. खिंडीतले वाघाचे शिल्प पाहून, वरचा कातळटप्पा कठड्याला धरून चढून आम्ही माथ्यावर आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तिथून देवळापर्यंत लहान-मोठ्या टेकड्यांची रांग ओलांडावी लागते आणि धुके दाटले की त्या सगळ्या टेकड्या एकसारख्या दिसतात. आम्हीही त्यांतच फसलो. साडेपाचच्या सुमारास एका ओढ्याशी आलो, तेव्हा हाच ओढा आपण तासाभरापूर्वी ओलांडला होता हे मित्राच्या लक्षात आले. अंधार पडेपर्यंत आम्ही चालतच राहिलो. ती आमची सर्वांत मोठी चूक होती.

ती रात्र आम्ही एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला काढली. माझ्याजवळ चांगला चाकू होता, ठिणगी पाडण्याची परदेशी कांडी होती, रानात तग धरण्याविषयीची अनेक पाने मी वाचलेली होती. मात्र आसपास वाळलेली एक काडीही नव्हती. मध्यरात्रीनंतर मित्राला हुडहुडी भरली आणि काही वेळाने त्याचे बोलणे जड व असंबद्ध होऊ लागले. बर्फ पडत नसलेल्या आपल्या डोंगरातही ओले कपडे आणि वारा मिळून माणसाच्या अंगातली ऊब काढून घेऊ शकतात, हे मला त्या रात्री कळले. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला एक कोरडा स्वेटर मी त्याला घातला, दोन्ही पिशव्या रिकाम्या करून त्यांवर बसलो, म्हणजे ओल्या जमिनीचा स्पर्श तुटला, आणि शेतात वापरतात तो प्लास्टिकचा कागद दोघांवर ओढून घेतला. या तीन साध्या गोष्टींनीच आम्हाला सकाळ दाखवली.

सकाळी गुरे घेऊन आलेल्या एका बाबांनी आम्हाला पाहिले. सगळी हकीकत ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “वारा कुठल्या गालाला लागत होता?” आम्हा दोघांनाही उत्तर देता आले नाही. मग त्यांनी समजावले की पावसाळ्यात माथ्यावरचा वारा कोकणाच्या अंगाने, म्हणजे पश्चिमेकडून येतो आणि दिवसभर फारसा बदलत नाही. खिंडीकडून देवळाकडे जाताना तो साधारणपणे तोंडावर घ्यायचा आणि परतताना पाठीवर. धुक्यात डोळे कामाचे नसले तरी गाल कामाचे असतात.

या एका प्रश्नाने माझी शिकण्याची दिशाच बदलली. तोपर्यंत रानात निभाव लागणे म्हणजे साधनांची आणि युक्त्यांची यादी, असा माझा समज होता. प्रत्यक्षात ती ओळखीची बाब आहे, असे आज माझे ठाम मत झाले आहे. ज्या रानाशी आपली ओळख नाही तिथे चाकू फारसा उपयोगी पडत नाही. ज्याच्याशी ओळख आहे तिथे चाकू काढण्याची वेळ सहसा येत नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टी एकत्र सुरू केल्या. पहिली म्हणजे गरजांचा क्रम पक्का केला. अशा प्रसंगी माणूस हवेविना सुमारे तीन मिनिटे, प्रतिकूल हवामानात आडोशाविना तीन तास, पाण्याविना तीन दिवस आणि अन्नाविना तीन आठवडे काढू शकतो, असा ढोबळ नियम जगभर शिकवला जातो. तो काटेकोर नाही, उन्हाळ्यात तर पाण्याची मुदत फारच लवकर संपते, परंतु त्यातला क्रम खरा आहे. आमच्या रात्री आडोसा पहिला होता आणि भूक अगदी शेवटची, तरीही आम्ही दोघे मधूनमधून खाण्याचाच विचार करत होतो.

दुसरी गोष्ट अधिक संथ आहे. मावळातल्या एका ओढ्याकाठी उंबराचे झाड आहे. दर रविवारी सकाळी तासभर मी त्याच्या बुंध्याशी बसतो. फोन बंद ठेवतो, पुस्तक नेत नाही. पहिले तीन-चार महिने मला काहीही दिसले नाही, असेच म्हणावे लागेल. नंतर हळूहळू लक्षात येऊ लागले की मी आल्यावर सातभाईंचा थवा कलकलाट करतो आणि साधारण वीस मिनिटांनी शांत होतो. म्हणजे त्या वीस मिनिटांत तिथले रान माझ्यामुळे बिथरलेले असते. एकदा मी अगदी स्थिर बसलेलो असताना सातभाई पुन्हा ओरडू लागले. ते जिकडे रोखून पाहत होते तिकडे मी पाहत राहिलो, आणि करवंदीच्या जाळीतून एक मुंगूस बाहेर आले. त्या दिवशी मला पहिल्यांदा पक्ष्यांकडून बातमी मिळाली. वानरांचा खोकल्यासारखा इशारा, भेकराचे भुंकणे, रात्री उडणाऱ्या टिटवीची तक्रार या सगळ्या बातम्याच आहेत, आणि बिबट्याच्या रानात त्या कळणे हे कोणत्याही हत्यारापेक्षा मोलाचे आहे.

त्याच ओढ्याने मला पाणी शोधायला शिकवले. मार्चमध्ये तो वरवर आटतो. पावसाळ्यात पाणी कुठे वेगाने आपटते आणि कुठे खोल डोह धरते हे मी पाहिले होते, म्हणून एप्रिलमध्ये वळणाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे वाळू दाबल्यावर गार लागत होती तिथे, हाताने उकरून पाहिले. दीड हातावर ओल लागली, पाऊण तासात ओंजळभर गढूळ पाणी साचले. ते चौपदरी पंचातून गाळले आणि घरी आणून खळखळून उकळले. सपाटून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळलेले पाणी पिण्याजोगे होते. जंतूंच्या दृष्टीने एवढे पुरेसे असते. खड्डा मी पुन्हा बुजवला.

आता माझे प्रश्न. सर्पदंश आणि उष्माघात यांविषयी जाणकारांकडून नीट समजून घ्यायचे आहे. रानातल्या खाण्याविषयी माझे ज्ञान जवळजवळ शून्य आहे. आग पेटवण्याचा सराव कुठे करावा, हाही प्रश्न मला सतावतो. आपण सविस्तर लिहावे, ही विनंती.

ग्रामीण डॉक्टर

कातळधार, आपल्या मित्राचे बोलणे जड झाले हे आपण टिपले, हे फार महत्त्वाचे. थंडीने कापणारा माणूस अजून झुंजत असतो. कापणे थांबले आणि बोलणे विस्कळीत झाले की प्रकरण गंभीर झाले असे समजावे. अशा माणसाला मद्य देऊ नये, हातपाय जोरजोराने चोळू नयेत, ओले कपडे काढून कोरडे घालावेत आणि छाती, मान, पोट आधी उबेत आणावे. तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर कोमट, गोड पेय घोट-घोट द्यावे.

मी एका तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालयात काम करतो. पावसाळ्यात आमच्याकडे सर्पदंशाचे रुग्ण नेहमी येतात. एकदा एका तरुणाला त्याच्या सोबत्यांनी मांडीला नायलॉनची दोरी इतकी आवळून आणले होते की पाय काळानिळा पडला होता. दंश बिनविषारी सापाचा निघाला, पण दोरीमुळे झालेली इजा भरून यायला कित्येक आठवडे लागले. म्हणून हात जोडून सांगतो : आवळपट्टी बांधू नका, जखम कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका, साप पकडण्याच्या मागे लागू नका. अंगठी, कडे, पैंजण, बूट काढा, कारण सूज येते. मोडलेल्या हाडाला देतात तसा दंशाच्या अवयवाला फळीचा किंवा काठीचा आधार द्या, रुग्णाला चालवू नका, धीर द्या आणि प्रतिविष जिथे मिळते तिथे पोहोचवा.

आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. यांपैकी मण्यारीविषयी रानात झोपणाऱ्यांनी विशेष सावध असावे. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते, आणि दंश इतका बारीक असतो की अनेकदा खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळा येणे, पापण्या जड होऊन मिटणे, गिळायला त्रास होणे अशी लक्षणे दिसली तर साप दिसला नसला तरी रुग्णालय गाठावे. खाली शिवलेला तळ असलेला तंबू किंवा चारी बाजूंनी अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, हा सर्वांत स्वस्त बचाव आहे. पावसाळ्यात झुडपांवर हिरवा चापडा हा विषारी साप बसलेला असतो. त्याचे विष वरील प्रतिविषाला दाद देत नाही, म्हणून फांदी धरण्यापूर्वी पाहण्याची सवय लावावी.

उष्माघाताकडे आपण सगळे दुर्लक्ष करतो. फेब्रुवारी ते मे या काळात सह्याद्रीचा उघडा कातळ भट्टीसारखा तापतो. डोके दुखणे, मळमळ, पेटके येथवर सावली, विश्रांती आणि मीठ-साखरेचे पाणी पुरते : 1 लिटर पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. परंतु माणूस बरळू लागला, अंग तापले, तर वेळ दवडू नये. हाती असेल ते पाणी अंगावर ओतून वारा घालावा. मागे उरलेले पिण्याचे पाणी जपून ठेवण्याच्या नादात रुग्ण हातचा जाऊ शकतो.

आणखी एक. गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. तिथे अत्तर, धूर, आरडाओरडा टाळावा. माश्या उठल्याच तर हात न झाडता तोंड-डोके झाकून लांब पळावे.

रानहळद

मी अकोले तालुक्यातली, महादेव कोळी घरातली. हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई यांच्या सावलीत वाढले. सध्या नोकरीनिमित्त नाशिकला असते. धागा वाचून बरे वाटले आणि थोडे खटकलेही, ते दोन्ही लिहिते.

खटकले ते असे की ज्याला इथे ‘तग धरण्याची विद्या’ म्हटले आहे, ती आमच्या आजीची रोजची चूल होती. ती संकटासाठी शिकली नव्हती. पावसाळ्यात भात लावणी उरकेपर्यंत घरातले धान्य संपत यायचे आणि तेव्हा रानभाज्यांवर घर चालायचे. म्हणून या ज्ञानाला साहसाचा रंग देऊ नये, असे मला मनापासून वाटते. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपल्याबद्दल 2020 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या आयाबायांना पहिल्यांदा वाटले की आपल्याला जे येते त्याला बाहेरही किंमत आहे.

आता कातळधार यांच्या प्रश्नाकडे येते. नवख्या माणसाने संकटात अनोळखी वनस्पती खाऊ नये, हे माझे स्पष्ट उत्तर आहे. कारण सांगते. शेवळाची भाजी आमच्याकडे पहिल्या पावसाची मेजवानी असते, पण ती काकडाच्या फळांबरोबर किंवा आमसुलाबरोबर शिजवली नाही तर घसा असा खाजतो की पाणीही गिळवत नाही. कडूकंद नावातच कडू आहे. आजी त्याच्या पातळ चकत्या करायची, राख घालून उकळायची, मग टोपलीत भरून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायची, टोपलीवर दगड. सकाळी एक चकती जिभेच्या टोकाला लावून बघायची आणि कडवटपणा राहिला असेल तर टोपली पुन्हा पाण्यात जायची. हे सगळे केल्यावर तो कंद पोटात जायचा. आणि कळलावी, जिचे लाल-पिवळे फूल सगळ्यांना आवडते, तिचा कंद खाण्याच्या कंदासारखाच वाटतो आणि तो जिवावर बेततो. वेल वाळून गेल्यावर जमिनीखालचा फरक कोण ओळखणार?

शिकायचे असेल तर एका पावसाळ्यात दोनच भाज्या शिका. टाकळा आणि कुरडू घ्या, त्या गावाशेजारी, पायवाटेच्या कडेला मुबलक येतात. कोवळ्या असताना बघा, फुलावर असताना बघा, वाळल्यावर बघा. ज्या बाईने दाखवली तिच्याबरोबर निवडा, तिच्या चुलीवर शिजवा, आणि तिच्या वेळेचा मोबदला द्या. कंद उकरला तर वरचा शेंडा परत मातीत पुरायचा आणि देवराईतले काही म्हणजे काही उचलायचे नाही, पडलेले लाकूडसुद्धा नाही. आमच्याकडे लहान मुलालाही हा नियम सांगावा लागत नाही. देवराईच्या हद्दीशी आल्यावर मोठी माणसे आवाज खाली आणतात, तेवढ्यावरून मुले समजून घेतात.

कातळधार

रानहळदताई, आपले म्हणणे शब्दशः मान्य आहे. साहसाचा रंग माझ्या लिहिण्यात आला असेल तर त्याबद्दल क्षमस्व. परदेशी पुस्तकांत अनोळखी वनस्पती आधी त्वचेला, मग ओठाला, मग जिभेला लावून, प्रत्येक वेळी काही तास थांबून तपासण्याची एक पद्धत दिलेली असते आणि मी ती पाठ केली होती. आपले वाचल्यावर ती मी मनातून काढून टाकली आहे. दोन दिवस उपाशी राहणे हे आपल्यापैकी बहुतेकांना एकादशी आणि महाशिवरात्रीमुळे अजिबात अपरिचित नाही. तेवढ्यासाठी विषाची परीक्षा घेण्याचे कारण नाही.

या पावसाळ्यात टाकळा आणि कुरडू, एवढेच.

जाळरेषा

आगीबद्दल लिहितो. गेली काही वर्षे डिसेंबर-जानेवारीत गावकऱ्यांबरोबर डोंगरावर जाळरेषा काढण्याच्या कामाला मी जातो. गवत वाळले की ठरावीक रुंदीचा पट्टा साफ करून ठेवायचा, म्हणजे वणवा आला तर तिथे अडतो. एका वर्षी आम्ही साफ केलेल्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला कोणीतरी मुक्कामाची शेकोटी नीट न विझवता गेले. आम्ही पोहोचलो तेव्हा उतार काळा झाला होता आणि एका करपलेल्या झुडपाखाली जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्याची अंडी तडकलेली होती. ती मी हातात घेतली तेव्हा अजून कोमट होती.

राखीव वनात आग पेटवणे 1927 च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे आणि अभयारण्यात 1972 चा वन्यजीव संरक्षण अधिनियम त्याहून कडक आहे. हरिश्चंद्रगड, रतनगड, भीमाशंकर हा सगळा परिसर अभयारण्यात मोडतो. म्हणून सराव रानात करायचाच नाही. घराच्या अंगणात, शेताच्या बांधावर, मालकाला विचारून, पाण्याची बादली शेजारी ठेवून करायचा. जीव वाचवण्याची वेळ आलीच, तर सराव आधी झालेला असला पाहिजे.

सरावही भर पावसात करावा, कारण कोरड्या दिवसात पेटवणे कोणालाही जमते. आमचे आजोबा कमरेला चकमक बाळगत : पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि सावरीचा कापूस भरलेली लहान नळी. गारगोटीच्या धारेवर कापसाचा पुंजका अंगठ्याने दाबून धरायचा आणि पोलाद वरून खाली तिरके मारायचे. ठिणगी कापसात शिरली की ज्वाला होत नाही, नुसता एक लाल ठिपका सरकत राहतो, आणि तो फुंकरीने वाढवून वाळल्या गवताच्या घरट्यात ठेवायचा. मला ते जमायला एक अख्खा पावसाळा लागला. कापसाला हाताचा घाम लागला तरी तो ठिपका धरत नाही. आपण मात्र पिशवीत लायटर, मेणबत्तीचा तुकडा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे बोटभर तुकडे ठेवावेत. ट्यूब ओली असली तरी पेटते आणि ओल्या काड्या वाळेपर्यंत जळत राहते. सरपण जमिनीवरून उचलू नये, कारण ते भिजलेले असते. कड्याच्या पोटाशी किंवा दाट झाडाखाली उभ्या वाळलेल्या, मोडताना कट्कन आवाज करणाऱ्या काड्या शोधाव्यात.

तरीही कातळधार यांना त्या रात्री प्लास्टिकच्या कागदाने तारले, आगीने नव्हे, हे पुन्हा सांगावेसे वाटते. इथले लोक आजही लावणीला इरले किंवा घोंगडी घेऊन जातात. बांबूच्या कामट्या आणि पळसाची पाने यांचे इरले पाठीवर घेऊन माणूस दिवसभर वाकून काम करतो आणि पाठ कोरडी राहते. सह्याद्रीत आडोसा कसा असावा याचे उत्तर त्यात आहे : पाणी वरून आणि पश्चिमेकडून येते, तर पाठ तिकडे करा.

सावलीकाठी

दिशांच्या बाबतीत एक दुरुस्ती करायला हवी, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. ‘दुपारी सावली उत्तरेकडे पडते’ हा नियम युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांतून आपल्याकडे जसाच्या तसा आला आहे. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो. पुण्याच्या आसपास मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते. या काळाच्या दोन्ही टोकांना जो शून्य सावलीचा दिवस येतो, त्या दिवशी तर भर दुपारी उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. मेच्या अखेरीस काजवे पाहायला गेलेला माणूस पुस्तकी नियमावर विसंबला तर नेमका उलट्या दिशेला जाईल.

त्यापेक्षा उभी काठी रोवून सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा, वीस-पंचवीस मिनिटांनी नव्या टोकाशी दुसरा खडा ठेवावा. पहिला खडा पश्चिमेचा, दुसरा पूर्वेचा. ही रेघ बाराही महिने कामचलाऊ दिशा देते. रात्री आकाश निरभ्र असेल तर ध्रुवतारा पाहावा. तो क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतका वर असतो, म्हणजे पुण्यात सुमारे साडेअठरा अंश. हात ताठ पुढे केल्यावर मूठ साधारण 10 अंश झाकते, तेव्हा क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवल्या की त्यांच्या जरा खालीच ध्रुव सापडतो. तो फार तेजस्वी नसतो, म्हणून लोक भलत्याच ठळक ताऱ्याला ध्रुव समजतात. झाडाच्या कोणत्या अंगाला शेवाळ आहे यावर मात्र विसंबू नये. आपल्या पावसाळ्यात ते चहूकडून चढते.

फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवावा, वाटेवर फोन विमान-स्थितीत ठेवावा आणि मदतीसाठी 112 हा क्रमांक लावावा. परंतु फोन भिजतो, बंद पडतो. गळ्यातली शिट्टी बंद पडत नाही. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा, हा संकटाचा संकेत आहे. उत्तर तीन शिट्ट्यांनी मिळते. गटातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असावे.

दोन मुलांची आई

मला नऊ वर्षांची मुलगी आणि बारा वर्षांचा मुलगा आहे. आम्ही ठाण्यात राहतो. मुलांना हे सगळे शिकवायचे आहे, पण वरचे वाचून थोडी भीतीही वाटली. सुरुवात कुठून करावी? शिबिराला पाठवावे का?

कातळधार

ताई, भीती वाटली यात गैर काही नाही, परंतु मुलांकडे ती जाऊ देऊ नये. शिबिरे चांगली असतात, पुढे मोठेपणी इच्छा झाली तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत 28 दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रमही करता येतो. या वयात मात्र मी घराजवळची एकच जागा निवडेन. आपल्याला तर येऊर जवळ आहे.

मुलांना पहिला नियम एकच शिकवावा : चुकलो असे वाटले की जवळचे झाड धरायचे आणि तिथेच राहायचे. चालत राहणारे मूल शोधकऱ्यांपासून लांब जाते. आम्ही मोठी माणसे असूनही त्या संध्याकाळी तेच केले. झाडाला नाव द्यायला सांगावे, त्याच्याशी बोलायला सांगावे, म्हणजे मूल एकटे पडत नाही. गळ्यात शिट्टी, खिशात भडक रंगाचा मोठा प्लास्टिकचा कागद, एवढेच सामान. हा खेळ आधी आपण दिसत असताना खेळावा, मग दहा पावले दूर जाऊन, मग झुडपाआड जाऊन.

दुसरे म्हणजे गाल. दर दहा मिनिटांनी विचारावे, “वारा कुठल्या गालाला आहे? पाण्याचा आवाज कुठल्या कानाला?” दोन-तीन फेऱ्यांनंतर मुले स्वतःहून सांगू लागतात.

कारवी सात वर्षे नुसती वाढते आणि आठव्या वर्षी एकदाच फुलते. मुंबईच्या डोंगरांत ती 2016 मध्ये आणि 2024 मध्ये फुलली. आपली मुलगी नऊ वर्षांची आहे. आता तिला कारवीचे झुडूप दाखवून ठेवा. पुढच्या फुलोऱ्याला ती कॉलेजच्या वयाची झालेली असेल आणि ते झुडूप तिच्या ओळखीचे असेल.

दोन मुलांची आई

कातळधार, आपण सांगितल्याप्रमाणे आम्ही सलग तीन रविवारी गेलो. पहिल्या दोन वेळा मुलगा कंटाळला. काल पाऊस येण्याआधी आम्ही ऐनाच्या झाडाखाली बसलो होतो. मुलीने त्या झाडाला ‘मगरआजोबा’ असे नाव दिले आहे, कारण साल अगदी मगरीच्या पाठीसारखी आहे. सातभाई ओरडू लागले तेव्हा मुलाने आमचे दोघींचे हात दाबून गप्प बसवले. आम्ही बराच वेळ त्या दिशेला पाहत होतो. काहीच दिसले नाही. मग मुलगी हळूच म्हणाली, “आई, वारा बदलला. मघाशी या गालाला होता.” आम्ही उठून पायवाटेला लागलो आणि गेटाशी पोहोचता पोहोचता जोराची सर आली.

ज्या झाडीकडे सातभाई पाहत होते ती आम्ही पुढच्या रविवारी, उजेड नीट असताना, लांबून पाहणार आहोत. मुलाने वहीत तिचा नकाशा काढून ठेवला आहे.